नावापुढचं डब्लिन

१

मिस ऑगस्टा पेलिंग यांचं प्रेत शुक्रवारी सकाळी कालव्याच्या लोखंडी दाराला अडकलेलं सापडलं, आणि दुपारच्या चहापर्यंत थॉर्नमियर गावाने निकालही लावून टाकला: बाईनं लाजेनं जीव दिला. निकाल लावायला गावाला पुरावा थोडाच लागतो? धुकं असावं, चहा असावा आणि शेजारणीला वेळ असावा, झालं.

इन्स्पेक्टर जेबेझ केरिज काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. नोव्हेंबरातलं ते काळं, सुस्त पाणी. त्याच्या पोटात सकाळपासून आग पडली होती. मिस पेलिंगना तो ओळखत होता. त्याची मेलेली मुलगी त्यांच्याच शाळेत गणित शिकली होती. ती आठवण झटकून तो शिपायावर खेकसला.

"सायकल कुठं होती?"

"ही अशीच, कुंपणाला टेकवलेली, साहेब. मी हात लावला नाही."

केरिज वाकला. पुढे कार्बाइडचा दिवा होता, कार्बाइडवर पाणी ठिबकलं की त्याच्या वायूवर जळणारा. त्याने झाकण उघडून पाहिलं. कार्बाइड अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं आणि दिव्याची पाण्याची चावी घट्ट फिरवून बंद केलेली होती.

"काय रे, बुडून मरायला निघालेली बाई उद्यासाठी कार्बाइड वाचवते का?"

"सवय असते, साहेब. माझी आई मरायच्या दिवशी म्हणाली, मेणबत्ती विझवा, मला काही वाचायचं नाहीये."

"तुझ्या आईला म्हणावं, थँक यू," केरिज म्हणाला. पण ती चावी त्याच्या डोक्यातून जाईना.

लाज कसली, ते सगळ्या गावाला पाठ होतं. शाळेच्या फाटकावर पितळी पाटी होती: मिस ए. पेलिंग, एम.ए. (डब्ल.). डब्ल. म्हणजे डब्लिन. इथल्या शिकलेल्या माणसाला नुसती पदवी पुरत नाही. ती कुठून आणली त्याचं लॅटिन शेपूटही मागे लागतं. ऑक्सफर्डचा असेल तो 'ऑक्सन.' लावतो, केंब्रिजचा 'कॅन्टॅब.', आणि कुणापुढे किती वाकायचं हे गाव त्या शेपटावरून ठरवतं. आता मुलींची शाळा आणि मुलांची शाळा एक होणार होती. मुख्याध्यापकाची खुर्ची एक आणि दावेदार दोन. मंगळवारी विश्वस्तांच्या सभेत गावचे पाद्री कॅनन बिडल्फनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिस पेलिंग, तुम्ही शिकलात केंब्रिजला. डब्लिनला तर तुम्ही एक दिवस राहिला नाहीत. मग हे डब्लिन तुमच्या नावापुढे आलं कुठून?"

मिस पेलिंगनी हातमोजे चढवले. "माझ्या कामाबद्दल विचारा, उत्तर देईन," एवढं बोलून त्या उठून गेल्या. त्यानंतर गावाने त्यांना पाहिलं ते थेट लोखंडी दाराशी.

२

हेस्टर पेलिंग ही धाकटी बहीण, एका पायाने अधू. तिने केरिजला बसा म्हटलं नाही. तिच्या घरात दोन माणसांचा चहा मांडलेला होता आणि एका कपाला कुणी हात लावला नव्हता.

"कॅननसाहेब येऊन गेले," ती म्हणाली. "फार दयाळू माणूस. म्हणाले, सोमवारी मृत्यूची चौकशी करायला कॉरोनरचे पंच बसतील. शुद्धीवर असताना जीव दिला असं पंचांनी म्हटलं, तर मला दफनाची प्रार्थना म्हणता येणार नाही. पण डोकं फिरलं होतं असं म्हटलं, तर म्हणेन. म्हणजे आईशेजारी पुरायची असेल तर मी माझ्या बहिणीला वेडी ठरवायची. नाहीतर खोटारडी आणि पापी म्हणून एखाद्या कोपऱ्यात लोटून द्यायची. बोला, यातलं काय निवडू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"आमची गसी वेडी नव्हती. आणि ती खोटं बोलत नव्हती, मेली तरी नाही." हेस्टरचा आवाज फाटला. "इन्स्पेक्टर, मला दुसरं काही नको. तिच्यासाठी सगळी प्रार्थना झाली पाहिजे, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. बाकी तुम्ही कुणाला फाशी द्या नाहीतर देऊ नका."

"गुरुवारी संध्याकाळी त्या कुठं निघाल्या होत्या?"

"म्हणाली, एका माणसाला संधी देऊन येते."

"संधी? कसली?"

"आपल्या तोंडानं खरं बोलायची. मला वाटलं, कॅननकडे चालली असेल, माफी मागायला लावायला. म्हटलं, जेवून जा. म्हणाली, आल्यावर जेवते."

आल्यावर जेवते! केरिजने टोपी हातात फिरवली. सोमवार तीन रात्रींवर आला होता, आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून होती दिव्याची एक बंद चावी. तिच्यावर कुठला पंच विश्वास ठेवणार?

३

शाळेत मिस लेटिस ओक्स एकटीच होती. मिस पेलिंगच्या हाताखालची ही तरुण शिक्षिका पुस्तकांच्या ढिगाआड डोळे पुसत बसली होती.

"मला ठाऊक आहे तुम्ही का आलात," केरिज आल्या आल्या ती म्हणाली. "बाईंची जागा आता मला मिळेल असं सगळे म्हणतायत. मिळो न मिळो, त्या खुर्चीत बसायला मला भीती वाटते. गुरुवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये गात होते, सगळ्यांसमोर. विचारा हवं तर."

"ही एवढी पुस्तकं कशाला?"

"लंडनच्या एम.ए.ची परीक्षा द्यायचीय. बाईच शिकवत होत्या. एकदा नापास झाले तर मला म्हणाल्या, रड, आणि मग पहिला पेपर परत सोडव." ती पुन्हा रडायला लागली. केरिजने खिडकी लावून घेतली आणि तो बाहेर पडला.

मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक मिस्टर हंफ्री कॅस्वेल, एम.ए. (ऑक्सन.), पलीकडच्याच इमारतीत राहत. माणूस रुबाबदार, आवाज मुलायम. विस्तवाजवळची खुर्ची त्यांनी केरिजला दिली आणि त्याचं पोट दुखतंय हे न सांगता ओळखून गरम दूध मागवलं. केरिजला त्यांचा राग येऊ शकला नाही.

"फार वाईट झालं," कॅस्वेल म्हणाले. "माझी प्रतिस्पर्धी होती खरी, पण बाई हुशार. मंगळवारच्या सभेनंतर मी तिचं तोंडही पाहिलं नाही. एकदा भेटून बोललो असतो तर, असं आता वाटतं."

"तुम्हाला त्या खोट्या वाटायच्या?"

"खोट्या?" कॅस्वेलनी निखारे हलवले. "असं बघा, केरिज. पदवी कष्टानं मिळते. आम्ही ऑक्सफर्डला एम.ए.च्या पेपरांसाठी रात्र रात्र जागलो. डोळ्यांची चाळण झाली, एकदा तर परीक्षेच्या दालनातच मी घेरी येऊन पडलो. आणि इकडे बघा! रात्रीच्या बोटीत बसायचं, सकाळी भाड्याचा झगा चढवायचा, तोही टाचण्या लावून वर धरलेला, पदवी घ्यायची आणि संध्याकाळच्या बोटीनं घरी. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

ते सांगताना त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. केरिज दूध पिऊन उठला. माणूस मनापासून बोलत होता यात त्याला शंका वाटली नाही, पण बाहेर धुक्यात आल्यावर अंगावर काटा का आला, ते त्याला समजेना.

४

शनिवारी दुपारी कॅनन बिडल्फ जेवून सुस्तावले होते. पोटावर हात, टेबलावर पोर्ट वाइनची बाटली.

"मी काय करू, केरिज? धर्माचे नियम मी केलेले नाहीत. पोरीला सांगितलं, पंचांना म्हणावं डोकं फिरलं होतं, संपलं. ती ऐकते कुठं! पेलिंगांच्या घरात मान वाकवायची रीतच नाही."

"डब्लिनचा प्रश्न तुमच्या कानात कुणी घातला?"

कॅननसाहेब जरा चुळबुळले. "कॅस्वेलनी. म्हणाला, विश्वस्त म्हणून तुम्हालाच विचारलं पाहिजे. मी विचारलं तर मत्सर दिसेल. बाईनं डब्लिनमध्ये पाऊलही ठेवलेलं नाही, पाटीवरची अक्षरं निव्वळ थाप आहे, असं शपथेवर म्हणाला. सभेच्या आदल्याच दिवशी."

"पाऊलही ठेवलेलं नाही? असं म्हणाले?"

"याच शब्दांत. आता हे बायकांच्या पदव्यांचं प्रकरणच वाईट. केंब्रिजनं त्यांना वर्गात बसू दिलं, पेपर लिहू दिले, पण पदवी दिली नाही, आणि बरोबर केलं. राणीच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी त्यावर मत घेतलं होतं. एम.ए. झालेल्यालाच मत. देशभरचे आम्ही जुने लोक आगगाड्या भरून गेलो आणि विरोधात मत देऊन आलो. पोरांनी फटाके उडवले, सायकलवरच्या बाईचं बुजगावणं टांगलं. काय मजा आली होती!"

केरिजला हसू आलं नाही. बोलायचं म्हणून तो बोलला, "तुम्हालाही एम.ए.ची परीक्षा जड गेली असेल."

कॅननसाहेब एवढे हसले की त्यांना खोकला आला. "परीक्षा? एम.ए.ला? अरे भल्या माणसा! बी.ए.ची परीक्षा द्यायची. मग काही वर्षं जिवंत राहायचं, तुरुंगात जायचं नाही, फी भरायची. एक दिवस जाऊन गुडघे टेकायचे, म्हातारा हात धरून लॅटिनमध्ये पुटपुटतो, उठलात की तुम्ही एम.ए.! तिकडे लंडनला घेत असतील परीक्षा."

"ही केंब्रिजची गोष्ट झाली."

"ऑक्सफर्डचीही तीच. आमचं बाकी कशावर एकमत नाही, यावर आहे. या दोन गावांत एम.ए.चा पेपर आजवर कुणी लिहिलेला नाही, केरिज, आणि देवाच्या कृपेनं कुणी लिहिणारही नाही."

केरिज उभा राहिला. टोपी घ्यायचंही त्याला भान राहिलं नाही.

५

"डब्लिनचं खरं काय ते मला आज सांगावंच लागेल," तो हेस्टरला म्हणाला. या वेळी तिने त्याला बसायला सांगितलं.

"सांगण्यासारखं लपवलेलं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "केंब्रिजच्या परीक्षेत गसीचे गुण कितीतरी मुलांच्या वर होते. त्यांना पदव्या मिळाल्या, तिला टाळ्यासुद्धा नाहीत. पुढे डब्लिननं काही वर्षं दार उघडलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची परीक्षा पास झालेल्या बायकांनी या, तुमची पदवी आम्ही देतो, म्हणाले. कायद्यानं, सगळ्यांसमोर. शेकडो बायका गेल्या. रात्रीची बोट, सकाळी समारंभ, संध्याकाळी परत. शाळा बुडवून राहायला पैसा कुणाकडे होता? लोक त्यांना बोटवाल्या बाया म्हणून चिडवायचे."

"मग त्यांनी सभेत हे का नाही सांगितलं? एका वाक्याचं काम होतं!"

"कुणाला सांगायचं? बिडल्फला? त्यांनी दार लावलं म्हणून तिला समुद्र ओलांडावा लागला, आणि ते कसं झालं ते तिनंच त्यांना समजवायचं? गसी म्हणाली, हेस्टर, मी मरेन पण हे नाही करणार." हेस्टरने तोंडावर हात ठेवला. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं असावं.

केरिजने विचारलं, "झगा भाड्याचा होता?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"टाचण्या लावलेला?"

हेस्टर पांढरी पडली. "उंच पुरुषाच्या मापाचा झगा होता. गसी एवढीशी. बोटीवर मीच तिला माझ्या टाचण्या दिल्या होत्या, लागतील म्हणून. त्या झग्याची तिला फार लाज वाटायची, इन्स्पेक्टर. दुसऱ्याच्या कपड्यांत चोरासारखी उभी होते, म्हणायची. माझ्याशिवाय हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणालाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

केरिजला आता सगळं कळलं होतं, आणि कळून जरासुद्धा बरं वाटत नव्हतं.

६

रविवारी चर्च सुटल्यावर तो कॅस्वेलच्या घरी गेला. विस्तव तसाच होता, खुर्ची तीच. दूध मागवू का, असं कॅस्वेलनी विचारलं.

"नको. मिस्टर कॅस्वेल, तुम्ही ऑक्सफर्डच्या परीक्षेच्या दालनात पडलात कधी?"

"अं? कशाला?"

"ऑक्सफर्डला एम.ए.ची परीक्षाच नाही. हे मला परवा माहीत नव्हतं. तुम्हाला काल-परवापर्यंत माहीत नव्हतं, हे मात्र नवल. गुडघे टेकतात आणि उठतात, बस. तुमच्या नावाबद्दल तिकडे तार केलीय. उत्तर काय येणार, ते तुम्हीच सांगा."

"लंडन," कॅस्वेल शेवटी म्हणाले. "घेरी आली ती लंडनला. दोनदा बसलो, दोनदा नापास. रात्री जागलो ते खरं आहे, केरिज. ते सगळं खरं आहे, फक्त गाव दुसरं."

"आणि मिस पेलिंगनी ते ओळखलं."

"कुणीही ओळखलं असतं. मी चहाला बसून तीच घेरीची गोष्ट तिला सांगितली, मूर्खासारखी. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हाच मला समजलं की काहीतरी चुकलं. काय चुकलं ते समजलं नाही."

"म्हणून तिनं तोंड उघडण्याआधी तुम्ही तिलाच खोटी ठरवलीत. सोमवारी कॅननना शपथेवर सांगितलंत की तिनं डब्लिनमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. सभेनंतर तिचं तोंड पाहिलं नाही, असं मला म्हणालात. आणि तरी शुक्रवारी बोट ठाऊक, झगा ठाऊक, टाचण्या ठाऊक. टाचण्यांची गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती, ती म्हणजे तिची बहीण. मधल्या दिवसांत मिस पेलिंगशिवाय तुम्हाला ती सांगणारं कोण होतं? गुरुवारी कालव्यावर ती तुम्हालाच संधी द्यायला आली होती. बोलणं लांबेल म्हणून दिवा मालवून ठेवला. घरी जेवायला परत जायचं होतं ना तिला!"

"मला वाटलं, धमकी द्यायला आली असेल," कॅस्वेल म्हणाले. आवाजाचा मुलायमपणा कुठच्या कुठे गेला होता. "धमकी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं ती झग्याची गोष्ट सांगितली. म्हणाली, दुसऱ्याच्या कपड्यांत उभं राहताना काय होतं ते मला माहीत आहे, मिस्टर कॅस्वेल, मी तुमची शत्रू नाही. आपण होऊन विश्वस्तांना सांगा, मी तुमच्या बाजूनं बोलेन, शिक्षक म्हणून तुम्ही राहावं असं म्हणेन. माझा हात धरला तिनं. मी तो झिडकारला. काठाच्या फळीवर शेवाळ होतं..."

"मग?"

"पाण्यातून तिनं दोनदा हाक मारली. मी उभा होतो."

"हात दिला असतात तर?"

"दिला असता तर उद्या मी कोण असतो?" कॅस्वेल एकदम ओरडले. मग खाली बसले. "माझ्या हाताखालची मुलं ऑक्सफर्डला गेली, केरिज. विचारा कुणालाही. मी चांगला शिकवतो. तिथं गेलो नाही तो एकटा मीच."

चांगला शिकवत होता हे खरं होतं. केरिजच्या पुतण्याला त्यानेच शिकवलं होतं. केरिजने त्याला कोट घालायला सांगितलं. केरिज स्वतः इतका दमला होता की बेड्या घालायचाही त्याला कंटाळा आला.

७

सोमवारी पंचांनी खून म्हणून निकाल दिला. जे गाव शुक्रवारी बाईला खोटी म्हणत होतं तेच आता म्हणू लागलं, आम्हाला आधीपासून शंका होतीच कॅस्वेलची. बुधवारी दफनभूमीत सगळे आले, काळे कपडे घालून, फुलं घेऊन. पाऊस नव्हता, नुसतं धुकं होतं. आईच्या कबरीशेजारी खड्डा खणून तयार होता.

कॅनन बिडल्फ फाटकाशी आले ते पांढऱ्या पायघोळ झग्यावर पाठीशी केंब्रिजची पदवीची झूल घेऊन: काळं रेशीम, आत पांढऱ्या रेशमाचं अस्तर. पुस्तक उघडून ते पहिलं वाक्य म्हणणार, एवढ्यात हेस्टर काठी टेकत पुढे आली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"कॅननसाहेब, ते पाठीवरचं काढा."

"काय? अहो मिस पेलिंग, ही माझ्या पदवीची खूण आहे. प्रत्येक अंत्यविधीला मी..."

"माहीत आहे मला कशाची खूण आहे ती. ती मिळाली म्हणून तुम्हाला मत मिळालं. ते मत तुम्ही कुणाच्या विरोधात टाकलंत, हे तुम्ही गावभर हसत हसत सांगता." तिचा आवाज चढला नव्हता. "तिला जिवंतपणी तुम्ही दारात अडवलंत. शेवटच्या दारात तरी ते मध्ये आणू नका. प्रार्थना तुमचीच हवी. ते नको."

कॅननसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंग उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण त्यांच्या नजरेला कुणी नजर देईना. मग त्या म्हाताऱ्याने ती झूल डोक्यावरून काढली आणि कुणीतरी धरावी म्हणून पुढे केली. मिस ओक्सने हात मागे घेतले. शेवटी केरिजने ती घेतली आणि रेशीम आत घालून काखेत दाबून धरली.

नुसत्या पांढऱ्या झग्यातले कॅननसाहेब लहान दिसत होते आणि थंडीने कापत होते. त्यांनी हेस्टरकडे पाहिलं.

"आता म्हणा," ती म्हणाली. "सगळी म्हणा."